आमचा मारिओ हळू पळायचा

दिवाळीत दादाकडे पुण्याला गेले होते. फराळ झाला, भाच्याने टीव्हीला त्याचा निन्टेंडो स्विच लावला आणि म्हणाला, "आत्या, तुमच्या काळातला मारिओचा गेम आहे यात, खेळतेस?" पडद्यावर तीच विटकरी जमीन, तेच निळं आभाळ, वरच्या कोपऱ्यात चारशेवरून उतरत जाणारा तोच आकडा. मी सरसावून बसले आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. दुसऱ्या खेपेला खड्ड्यापर्यंतही पोचले नाही, सुरुवातीच्या त्या तपकिरी प्राण्यानेच खाल्लं. भाचा दहा वर्षांचा आहे. तो काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. दादा मात्र सोफ्यावरून म्हणाला, "वय झालं तुझं."

मलाही तसंच वाटलं असतं, पण कान मानेनात. गाणं घाईत वाजत होतं. सूर तेच, चाल तीच, पण पुढच्या लग्नाची सुपारी असली की बँडवाले उरकतात ना, तसं. हात म्हातारे होतात, कबूल. पण वय झालं म्हणून गाणं जलद ऐकू येतं, असं काही मी ऐकलेलं नाही.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मिरजेला परतल्यावर पहिलं काम केलं ते माळ्यावरून आमचं जुनं खोकं काढायचं. लहानपणीच्या गोष्टी आठवणीत गोड होतात, फुगतात, हे आहेच. पण या यंत्राच्या बाबतीत माझ्या आठवणी किती खऱ्या आणि दादाचं शास्त्र किती खरं, हे एकदा पेचकस घेऊन बघायचं होतं.

१९९५ च्या मे महिन्यात बाबांनी ते मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं. बाराशे रुपये. आमच्या लेखी ते 'व्हिडिओ गेम'. कन्सोल हा शब्द मला कॉलेजात कळला. त्यात घालायची पिवळी वडी म्हणजे 'कॅसेट' आणि हातात धरायचा तो 'रिमोट'. रिमोट दोन. पहिला दादाचा, दुसरा माझा. दुसऱ्यावर स्टार्टचं बटणच नव्हतं, त्यामुळे गेम सुरू कधी करायचा आणि थांबवायचा कधी, हे दादा ठरवायचा. मला वाटायचं, धाकट्यांसाठी मुद्दाम तसं बनवतात. प्रत्यक्षात मूळ जपानी यंत्राचाच दुसरा रिमोट तसा होता. स्टार्ट-सिलेक्ट नाही, त्याऐवजी एक छोटा माइक. आमच्या नकलेत माइकही नव्हता आणि स्टार्टही नव्हतं.

हो, नक्कल. मूळ यंत्र म्हणजे निन्टेंडोचं फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली आणि १५ जुलै १९८३ ला ते जपानच्या बाजारात आलं, किंमत १४,८०० येन. दोन वर्षांनी तेच वेगळ्या पेटीत अमेरिकेला गेलं. आपल्याकडे मात्र तेव्हा परदेशी चैनीच्या वस्तू सरळ मार्गाने आणणं जवळपास अशक्य होतं. आयातीवरचे ते निर्बंध टप्प्याटप्प्याने सुटत गेले आणि शेवटच्या ७१५ वस्तू मोकळ्या व्हायला एप्रिल २००१ उजाडला. मधली पोकळी तैवान आणि चीनमधल्या नकलांनी भरली. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या चिपांसारख्याच वागणाऱ्या चिपा बनवल्या. पुढे तर सगळं यंत्रच एका चिपेत बसवलं गेलं. तीच खोकी आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकली गेली, रशियात डेंडी आणि पोलंडमध्ये पेगासस म्हणून. मॉस्कोतला माझ्या वयाचा कुणी भेटला तर भाषा कळायची नाही, पण रणगाड्यांच्या गेमची सुरुवातीची धून मी गुणगुणली की तो नक्की हसेल.

खोकं उघडलं. चार स्क्रू. आत बहुतेक हवाच. एक हिरवी पट्टी, दोन-चार कपॅसिटर आणि मधोमध काळ्या डांबराचा थेंब सांडल्यासारखा गोळा. या गोळ्याखाली चिप असते. स्वस्तात काम व्हावं म्हणून चिपेला वेगळं कवच न देता ती थेट पट्टीवर चिकटवतात, बारीक तारांनी जोडतात आणि वरून राळेचा थेंब टाकून झाकतात. आमचं सगळं बालपण त्या रुपयाएवढ्या थेंबाखाली होतं.

आता त्या थेंबाखाली काय चालतं ते बघू. मूळ फॅमिकॉमच्या प्रोसेसरचा गाभा म्हणजे ६५०२ ही १९७५ सालची चिप. वेग सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके. फोनमधला प्रोसेसर आज अब्जांत मोजतो. पण मला वेगापेक्षा स्मरणाची गंमत जास्त वाटते. या यंत्राची कामाची मेमरी २ केबी, म्हणजे २,०४८ बाइट. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला बहुधा तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा प्रत्येकी वेगळी चिन्हं. म्हणजे या यंत्राच्या मेमरीत जेमतेम पावणेसातशे चिन्हं मावली असती. हा परिच्छेद मावला असता, पुढचा मावला नसता. आणि अख्खा सुपर मारिओ? ४०,९६० बाइट. तुम्ही वाचताय तो लेख साठवायलाही साधारण तेवढीच जागा लागते. तेवढ्या जागेत आठ जगं, बत्तीस स्टेज, पाणी, किल्ले, कासवं आणि गाणी. मी हा लेख दोनदा काटछाट करून लिहिलाय, तरी ओशाळायला होतं.

हे जमलं कसं? रांगोळीच्या छाप्यांनी. दिवाळीत बाजारात जाळीचे छापे मिळतात, पावलं, स्वस्तिक, गोपद्म. छापा ठेवायचा, रांगोळी टाकायची, उचलायचा. हात चालवून पावलं काढत बसायचं नाही. फॅमिकॉमचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायचा म्हटलं तर चित्राच्या मेमरीत जागाच नाही, तीही २ केबीच. म्हणून पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन केले. आडवे ३२, उभे ३०, एकूण ९६०. यंत्र फक्त एवढंच लक्षात ठेवतं की या चौकोनात छापा क्रमांक अमुक. छापे कॅसेटमध्ये असतात. मारिओच्या कॅसेटमध्ये ५१२ होते, अर्धे देखाव्यासाठी, अर्धे हलणाऱ्या मंडळींसाठी. रंग वेगळे सांगायचे.

छापे मोजून मिळाले की माणूस काटकसर शिकतो. मारिओतला ढग आठवा, गुबगुबीत, पांढरा. आता जमिनीवरचं झुडूप आठवा. एकच छापा आहे. वर ठेवला तेव्हा पांढरी रांगोळी टाकली, खाली ठेवला तेव्हा हिरवी. दादाचा विश्वास बसेना. मी फोटो काढून दोन्ही शेजारी लावून पाठवले. अर्ध्या तासाने त्याचा एकच शब्द आला, "च्यायला."

हलणाऱ्या गोष्टींचे नियम आणखी कडक. मारिओ, कासव, गोळी, नाणं, हे सगळे देखाव्यावरून सरकणारे सुटे छापे. पूर्ण पडद्यावर ते जास्तीत जास्त ६४, आणि एका आडव्या रेषेत फक्त ८. मोठा झालेला मारिओ एकटाच आठ छाप्यांचा, दोन आडवे आणि चार उभे. रेषेत नववा छापा आला तर यंत्र तो काढतच नाही. मग प्रोग्रामर युक्ती करायचे. पडदा एकदा रंगवला की एक फ्रेम. या फ्रेमला पहिल्याला वगळ, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याला. म्हणजे सगळेच दिसतात, पण लुकलुकत. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये दोघं खेळत असताना समोर शत्रूंची गर्दी झाली की गोळ्या अशाच लुकलुकायच्या. मी मरायचे आणि ओरडायचे, "मला गोळी दिसलीच नाही!" दादा म्हणायचा, चष्मा लाव. तीस वर्षांनी नोंदवून ठेवते: त्या क्षणी यंत्राने ती गोळी खरोखरच काढलेली नसू शकते.

आवाजाचंही तेच. वाजवणारे पाच. दोन जण चौकोनी लहरींचा स्वर धरणार, एक त्रिकोणी लहरीचा मऊ खर्ज, एक नुसती खरखर (ढोल-झांजांची सोय), आणि एक आधी ध्वनिमुद्रित केलेले छोटे तुकडे वाजवणारा. गाणं हेच वाजवणार आणि उडीचा, नाण्याचा आवाजही यांच्यापैकीच कुणीतरी काढणार. म्हणून मारिओने उडी मारली की गाण्यातला एक सूर क्षणभर गायब होतो. भजन रंगात आलंय आणि पेटीवाला मध्येच उठून दार उघडून आला, असं. लहानपणी हे कधी जाणवलं नाही. एकदा ऐकलंत की मात्र पुढे तेवढंच ऐकू येतं, आधीच माफी मागते.

आता दादाचं सर्वांत लाडकं शास्त्र: बटण जोरात दाबलं की मारिओ उंच उडतो. उडी मारताना तो रिमोटसकट दोन्ही हात वर न्यायचा. लांब खड्डा असला की स्वतः उठून उभा राहायचा.

रिमोटच्या आत जोर मोजायची काही सोयच नाही. आठ बटणं आहेत, पण आठांच्या आठ तारा यंत्रापर्यंत जात नाहीत. आत एक छोटी चिप आहे, ती हजेरी देते. प्रत्येक फ्रेमला यंत्र एकदा हजेरी घेतं: ए? नाही. बी? हजर. सिलेक्ट? नाही. स्टार्ट? मग वर, खाली, डावं, उजवं, ठरलेल्या क्रमाने. उत्तर फक्त हजर किंवा गैरहजर. कुणी "हजर" जोरात ओरडलं म्हणून बाई जास्त गुण देत नाहीत. उडीची उंची ठरते ती बटण सलग किती हजेऱ्यांना हजर राहिलं यावर. दादा हात वर नेण्याच्या नादात बटण जास्त वेळ दाबून धरायचा, म्हणून उडी उंच जायची. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका अशाच असतात.

आपल्याकडच्या रिमोटवर टर्बोची दोन जादा बटणं असायची, मूळ जपानी रिमोटवर नसलेली. ती म्हणजे वर्गातला असा मुलगा, जो भराभर आत-बाहेर करत राहतो, त्यामुळे हजेरीत आलटून पालटून लागतो. यंत्राला वाटतं, पोरगं सेकंदाला कितीतरी वेळा बटण दाबतंय.

आठ बिट म्हणजे काय, हेही मारिओनेच शिकवलं असतं, आम्ही लक्ष दिलं असतं तर. तिसऱ्या जगाच्या पहिल्या स्टेजला शेवटच्या पायऱ्यांवर कासव येतं. त्याच्या कवचावर नेमकी उडी बसली की ते पायरीवर आपटून परत येतं, पुन्हा उडी, पुन्हा आपटतं, आणि काही वेळाने प्रत्येक उडीला एक लाइफ. दादाला हे जमायचं. एकदा तो मिनिटभर नुसता उड्या मारत राहिला. लाइफच्या जागी आकडे संपून चित्रविचित्र चिन्हं दिसायला लागली, आम्ही हरखून गेलो. मग तो एकदाच मेला आणि थेट गेम ओव्हर. आम्ही यंत्रावर चिडलो.

घडलं ते असं. लाइफचा आकडा आठ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या आठ खणांच्या, एका घरात ठेवलेला असतो. आठ बिटांत २५६ वेगवेगळे आकडे मावतात, पण त्यात उणे आकडेही बसवायचे तर अर्धे तिकडे जातात. मग अधिक बाजूला उरतं १२७ पर्यंत. त्याच्या पुढे गेलं की यंत्राच्या लेखी तो आकडा शून्याच्या खाली गेलेला असतो. जुन्या रिक्षाचा मीटर नव्व्याण्णवनंतर शून्यावर यायचा, त्याचाच हा जरा कपटी चुलतभाऊ. दादा लाइफमध्ये लोळत होता आणि यंत्राच्या वहीत दिवाळखोर होता.

लाइट गेली की सगळं संपायचं, त्याचं कारण एका ओळीचं आहे. कॅसेटमधला मजकूर छापील पुस्तकासारखा कायमचा, पण तुम्ही कुठवर आलात हे त्या २ केबीत लिहिलेलं, आणि ती पाटी विजेवर टिकते. बटणसेल बसवून ती पाटी जपणाऱ्या महाग कॅसेट होत्या, आमच्याकडे नव्हत्या. म्हणून जेवायला बोलावलं की आम्ही पॉज करून यंत्र तसंच चालू ठेवायचो, टीव्ही तेवढा बंद. आई अडॅप्टरला हात लावून बघायची आणि म्हणायची, यावर पापड भाजेल.

पिवळ्या कॅसेटवर लिहिलं होतं '९९९९९९९ इन १'. दादाने वही घातली. रोज वीसेक गेम लावून नावं लिहायची. दोनशेच्या आसपास त्याच्या लक्षात आलं की फार पूर्वीच यादी फिरून पुन्हा तिथेच आली आहे. त्या कॅसेटमध्ये गेम होते सात.

ही फसवणूक कशी चालते ते मला तेव्हाही जाणून घ्यायचं होतं. सुरुवातीच्या काळातले गेम चिमुकले, २४ नाहीतर ४० केबीचे. १९९० पर्यंत मेमरीच्या चिपा स्वस्त झाल्या, एकीत असे कैक गेम मावायला लागले. अडचण एवढीच की कॅसेटकडे बघायला यंत्राच्या प्रोसेसरला एक ठरावीक खिडकी आहे, ३२ केबीची. त्याच्यापलीकडचं त्याला दिसतच नाही. म्हणून कॅसेटमध्ये एक छोटं सर्किट घालतात, जे खिडकीमागची पानं बदलतं. वाचनालयात कपाटं मागे असतात आणि आपण खिडकीशी उभे, नंबर सांगितला की आतून माणूस पुस्तक आणून ठेवतो, तसं. अमेरिकेत १९८८ ला आलेली कॉन्ट्रा १२८ केबीची होती. तीही अशीच हप्त्याहप्त्याने खिडकीत यायची. एकट्या गेमसाठी केलेली ही सोय कॅसेटवाल्यांनी सात गेमांसाठी वापरली.

आणि उरलेले नव्व्याण्णव लाख वगैरे? मेन्यूतली प्रत्येक ओळ दोनच गोष्टी करते. खिडकीत कोणतं पान आणायचं ते सांगते, आणि त्या पाटीवर आधीच एखादा आकडा लिहून ठेवते: सुरुवात तिसऱ्या स्टेजपासून, किंवा हातात आधीच मोठी बंदूक. ओळ १२ म्हणजे मारिओ, ओळ १९ म्हणजे मारिओच, पण चौथ्या जगापासून. नाव मात्र नवं. दुकानदाराने एकाच पिठाच्या वड्या, थालिपीठ आणि धिरडी लावून ठेवावी तसं. मला आता यात फसवणुकीपेक्षा कारागिरी जास्त दिसते. दादाला अजून राग आहे.

फुंकर. हिच्याशिवाय विषय पुरा होणार नाही. गेम लागला नाही, पडद्यावर कचरा आला, की कॅसेट काढायची, खालच्या फटीत हार्मोनिकासारखी फुंकर मारायची, पुन्हा लावायची. मिरजेत करायचे, मुंबईत करायचे, अमेरिकेतली मुलंही करायची, कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

कॅसेटच्या तळाशी ६० पितळी रंगाच्या पट्ट्या असतात. हवेने त्यांच्यावर काजळी चढते, धूळ बसते. एखादी पट्टी नीट टेकली नाही तर काय होतं ते फार बघण्यासारखं आहे. चित्राच्या छाप्यांसाठीच्या तारा आणि प्रोग्रामच्या तारा वेगळ्या असतात. छाप्याच्या क्रमांकाची एक तार तुटली तर यंत्र मागतं एक छापा आणि हाती येतो भलताच. म्हणून कधी कधी गाणं व्यवस्थित वाजायचं, मारिओ पळायचाही, पण त्याच्या जागी अक्षरं आणि विटांचे तुकडे पळताना दिसायचे. प्रोग्रामची तार तुटली तर मात्र नुसता करडा पडदा.

फुंकरीने काही होत नव्हतं. काढणं आणि लावणं, या दोन्हीत पट्ट्या घासल्या जायच्या आणि काम व्हायचं. श्रेय फुंकरीला. उलट तोंडातली वाफ आत जाऊन पट्ट्या गंजायच्या. निन्टेंडो स्वतः सांगत असे की फुंकू नका. मी आमच्या कॅसेटच्या पट्ट्या साध्या खोडरबरने पुसल्या, खोडरबर काळंकुट्ट झालं, आणि कॅसेट पहिल्या दणक्यात लागली. सवयीने फुंकर मारलीच आधी, खोटं कशाला बोलू.

यंत्राला गेमची बंदूक जोडली तेव्हा आईच्या खोलीतला डबा टीव्ही कामी आला. पातळ टीव्हीवर ती चालत नाही. बदकांवर नेम धरायच्या त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, ती फक्त बघते. नळीत एक प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता पूर्ण काळा होतो, आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक दाखवायचे; उजेड कितव्या फ्रेमला दिसला यावरून कुठलं बदक ते कळतं. ट्यूबलाइटवर नेम धरून फसवायचा प्रयत्न आमच्या गल्लीत सगळ्यांनी केला. काळ्या फ्रेमलाच चोरी पकडली जायची, ट्यूब काही क्षणभर विझत नाही. आणि पातळ टीव्ही चित्र दाखवायला फ्रेम-दोन फ्रेम उशीर लावतो. बंदूक विचारते, "आत्ता?" आणि टीव्ही अजून चष्मा शोधतोय.

फ्रेमचं बोलतेच आहे, तर त्या घाईतल्या गाण्याकडे येते.

जपान आणि अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपला, युरोपसारखाच, ५० वेळा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी जुळवून घेतलेली ही पद्धत. फॅमिकॉमचे गेम लिहिताना सगळे हिशेब फ्रेममध्ये केलेले होते. दर फ्रेमला मारिओ इतका पुढे, दर इतक्या फ्रेमला गाण्याचा पुढचा सूर. यंत्राला सेकंद माहीतच नाही, त्याला फक्त फ्रेम कळतात. युरोपात विकण्यासाठी निन्टेंडोने मारिओची वेगळी, वेग जुळवून घेतलेली आवृत्ती काढली. आपल्या पिवळ्या कॅसेटसाठी हे कोण करणार? तीत साठ फ्रेमांसाठी लिहिलेला गेम होता, तोच पन्नासवर चालायचा. सहाव्या हिश्शाने हळू.

मग गाणं खालच्या पट्टीत का नाही गेलं? टेप हळू फिरली की आवाज घोगरा होतो, तसं का नाही? कारण सुराची उंची प्रोसेसरच्या ठोक्यांवरून ठरते, फ्रेमवरून नाही. तैवानच्या या चिपांनी ठोक्यांचा वेग जवळजवळ मूळच्याएवढाच ठेवला होता, १७.९ लाखांच्या जागी १७.७ लाख. फरक आहे, पण कानाला कळणार नाही इतका. म्हणून सूर तेच राहिले आणि लय तेवढी संथ झाली. पुण्यात मला ऐकू आलं ते अगदी उलट्या बाजूने हेच.

मोजायचं कसं, याला साधनांची गरजच पडली नाही. पहिल्या स्टेजच्या सुरुवातीला मारिओला नुसतं उभं ठेवलं तर कुणी येऊन खात नाही. आपण पुढे गेल्याशिवाय शत्रू निघतच नाहीत. वरचा आकडा चारशेवरून शून्यावर येतो, दर २४ फ्रेमला एक. म्हणजे ९,६०० फ्रेम. भाच्याला फोन करून सांगितलं, मारिओला हलवू नकोस आणि घड्याळ लाव. त्याला वाटलं मी काहीतरी चीट कोड देणार आहे. त्याचा आकडा आला दोन मिनिटं चाळीस सेकंद. इकडे मी आईच्या पलंगावर बसून आमच्या यंत्राचा मोजला. शेवटच्या शंभराला गाणं धावायला लागलं, आई म्हणाली, "अगं खेळ की, तो बिचारा नुसता उभाय." तीन मिनिटं बारा सेकंद.

दोन्ही आकडे दादाला पाठवले. त्याने वयाचं विधान मागे घेतलं नाही, तो तसं कधीच करत नाही. पण मे महिन्यात दोघं मिरजेला आले तेव्हा भाच्याला मी आमच्या यंत्रासमोर बसवलं, पहिला रिमोट हातात दिला आणि शेजारी बसले. तो सराईत आहे, बोटं सेकंदाला साठच्या लयीत घोटलेली. खड्डा आला, त्याने नेहमीसारखं बटण दाबलं, नेहमीएवढाच वेळ धरलं आणि सोडलं. आमच्या यंत्राने तेवढ्या वेळात हजेऱ्याच कमी घेतल्या होत्या. मारिओ अर्ध्यावरूनच खाली आला आणि सरळ खड्ड्यात गेला.

भाचा पडद्याकडे बघत राहिला. मग रिमोट उलटा करून बघितला.

"आत्या," तो म्हणाला, "तुझा गेम हँग होतोय."